घरातल्या आजारी वडीलधाऱ्यांचं करणाऱ्याला सुट्टी कोण देणार?

केशरकाडी (धागाकर्ती), कर्वेनगर

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज विचारायचंच म्हणून लिहितेय. आजारी माणसाचं कसं करावं हे सांगणारे आपल्याकडे भरपूर आहेत. करणाऱ्याचं कोण बघतं, यावर मला बोलायचंय.

सासरे ८४ वर्षांचे. पार्किन्सन्स जुना आहे, आता त्याच्या जोडीला विसरणं आणि भास सुरू झालेत. घर तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. नवरा, मी आणि बारावीतला मुलगा. दीर न्यू जर्सीला, नणंद नाशिकला. सकाळी आठ ते रात्री आठ मावशी असतात. त्या गेल्या की पुढचं सगळं माझ्याकडे. नवऱ्याला चाकणला पहिली पाळी असली की तो पहाटे पाचला बाहेर पडतो, त्यामुळे त्याला रात्री उठवायचं नाही हे कोणी न बोलता ठरून गेलंय. मीही बँकेत नोकरी करते, पण माझी झोप मोडली तर चालतं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

रात्री अडीच-तीनला बाबा उठतात. कारखान्यात जायचंय म्हणतात. शर्टाची बटणं लावायला घेतात, बोटं साथ देत नाहीत, मग चिडतात. माझा गेटपास कुठाय, असा घोशा सुरू होतो. 'बाबा, तुम्ही रिटायर झालात' म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं, वाद घातला तर हात उगारतात. एका रात्री मी लायब्ररीचं जुनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, खिशात ठेवलं, वर हात ठेवून खात्री केली आणि आडवे झाले. तेव्हापासून ते कार्ड उशाशी असतं. पण दर रात्री कार्डावर भागत नाही.

बाबांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मुलगा लहान असताना त्यांनी सांभाळला म्हणून माझी नोकरी टिकली. त्यांचं करायचा मला कंटाळा नाही. पण माझं अंग आता साथ देत नाहीये. बीपीची गोळी सुरू झाली आहे, दुपारी चारनंतर आकडे डोळ्यांपुढे नाचतात. भेटायला येणारे म्हणतात, 'तू किती गं करतेस!' त्या कौतुकाने मला एक रात्र झोप मिळत नाही.

तर, तुमच्या घरी पाळी कशी लावलीत? पैसे देणारा आणि अंग मोडणारा यांच्यात वाटणी कशी केलीत? आणि चार-आठ दिवस माणसाला ठेवून घेणारी सोय पुण्यात कोणी स्वतः वापरली आहे का?

सदाशिवकर

ताई, मी ७४ वर्षांचा. पत्नीला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. मुलगी बंगळुरूला. सगळं मीच करतो. आमच्या पिढीच्या पुरुषाला हे कोणी शिकवलेलं नसतं. बायकोची वेणी घालायला मी शेजारच्या वहिनींकडून शिकलो.

जे कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. माणूस उचलण्याचं तंत्र आहे आणि ते न शिकता उचलायला गेलात तर तुमचीच कंबर जाते. फिजिओथेरपिस्ट घरी आला तेव्हा त्याने पहिले दोन दिवस पत्नीला व्यायाम दिलाच नाही, मला शिकवलं. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला लावायची, म्हणजे त्या पायावर जोर घेऊन ती वळू शकते. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आपले गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि पट्ट्याला धरून उठवायचं. फिजिओला पैसे देतच आहात तर तुमच्या शिकवणीसाठी दोन दिवस मुद्दाम मागून घ्या.

आणि मावशी दिवसा असतात म्हणता, तर महिन्यातून निदान काही रात्री रात्रपाळीचा माणूस लावाच. तुमची झोप हा खर्चातला पहिला आकडा धरा.

फॅमिलीडॉक्टर_बिबवेवाडी

केशरकाडी, तुम्ही कार्ड दिलंत ते अगदी योग्य केलंत. ज्याची आठवण तीस वर्षं मागे गेली आहे त्याच्याशी आजची तारीख घेऊन भांडू नये.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. रात्रीची उठबस हा नुसता मेंदूचा आजार नसतो. बद्धकोष्ठ, भरलेली लघवीची पिशवी, अंगदुखी, दिवसभराची डुलकी यानेही माणूस उठतो, आणि ज्याला नीट सांगता येत नाही तो मग कारखान्यात निघतो. गोंधळ हळूहळू न वाढता दोन-तीन दिवसांत एकदम वाढला, तर आधी लघवीची तपासणी करा. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला की कित्येकदा ताप येतच नाही, नुसता घोळ होतो. घरचे म्हणतात वय झालं, आणि आठवडा जातो.

दुसरं, पार्किन्सन्सवाल्याला उलटीची किंवा भासांची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. नेहमीच्या वापरातल्या काही गोळ्यांनी पार्किन्सन्स बळावतो, माणूस लाकडासारखा ताठ होतो. कुठेही नेलंत तरी 'यांना पार्किन्सन्स आहे' हे पहिलं वाक्य असू द्या. लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीच्या, वेळा घड्याळाप्रमाणे पाळा. ती गोळी वरण, दूध, अंडं अशा प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली तर काहींना कमी लागू पडते, म्हणून वेळ तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून ठरवून घ्या.

आता तुमच्याबद्दल. काळजी घेणाऱ्याचा ताण मोजायला झारिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, तब्येत बिघडली असं वाटतं का, असे साधे प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. मी माझ्या दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या माणसाला त्यातले चार-पाच प्रश्न तरी विचारतो. बहुतेक बायका पहिल्या प्रश्नालाच रडतात, कारण तोवर कोणी विचारलेलंच नसतं. तुमची बीपी, तुमची शुगर, तुमची झोप यांची वेगळी फाइल करा आणि स्वतःसाठी वेगळी वेळ घेऊन या. बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीबरोबर 'माझंही जरा बघा ना' म्हणून येऊ नका.

वारसदार_नव्हे

धाग्याचा सूर थोडा खटकला. आईवडिलांनी आपलं केलं, आपण त्यांचं करायचं, यात पाळ्या आणि वाटण्या कसल्या? आमच्या आजीला आजोबांनी आणि आईने अंथरुणात आठ वर्षं सांभाळलं, कोणी सुट्टी मागितली नाही. याला ओझं म्हणायला लागलो तर पुढची पिढी आपल्याला सरळ वृद्धाश्रमात टाकेल.

मुळाकाठ

@वारसदार_नव्हे, राग नाही, पण आईला विचारून बघा. निवांत बसून विचारा.

मी अविवाहित मुलगी. आईसाठी नोकरी सोडली तेव्हा ४६ वर्षांची होते. दोन भाऊ, दोघांचे संसार, आणि 'तुला काय, एकटीच तर आहेस' या वाक्याने निर्णय झाला. पगार गेला, पीएफ थांबला, माझ्या म्हातारपणाची पुंजी तिथेच गोठली. वर 'फ्लॅट हिलाच मिळणार आहे ना' हेही ऐकून झालं. आई गेल्यावर मी पन्नाशीपार होते आणि मला कोणी कामावर घेईना. आईवर माझा जीव होता. तरी या गोष्टी खऱ्याच होत्या, आणि त्या बोलल्याने आईवरची माया कमी होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर आईवडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह मागू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि अट मोडली तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. चांगला कायदा आहे. पण तो पैशाचं आणि घराचं बोलतो. रात्री तीनला कोण उठणार हे तो कोणत्याही भावाला सांगू शकत नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांना मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, म्हाताऱ्या आईसाठी तशी स्वतंत्र रजा नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरच्यांची बिनपगारी देखभाल करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं जातात असं आलं, पुरुषांची ७६. यात मुलंबाळंही आली, पण कल कुठे आहे ते दिसतंच.

वारसदार_नव्हे

आईशी बोललो. बराच वेळ बोलली. सविस्तर इथे लिहीत नाही. सदाशिवकर काका, तो कमरेचा पट्टा कुठे मिळतो ते सांगाल का?

सदाशिवकर

सर्जिकलच्या कोणत्याही दुकानात. 'पेशंट उचलायचा पट्टा' म्हणा, हँडल असलेला घ्या.

अप्परची_पोर

मी इथे नवीन आहे. माझी आई ब्युरोतून, म्हणजे घरोघरी बाया पुरवणाऱ्या एजन्सीतून, बारा तासांच्या ड्युटीला जाते, म्हणजे तुमच्या धाग्यातली मावशी. आम्ही अप्पर इंदिरानगरला राहतो, ड्युटी औंधला. सकाळी सव्वासहाला घर सोडते, दोन बस बदलते, रात्री साडेनऊला येते.

तुम्ही सगळे सुट्टीचं बोलताय म्हणून लिहिते. आईला महिन्यात ठरलेली सुट्टी नाही. ती राहिली तर त्या दिवसाचे पैसे जातात आणि ब्युरो बदली पाठवतो. पेशंट वारले की त्याच दिवशी काम संपतं. दोन वर्षं ज्या आजींना भरवलं त्यांच्या दहाव्याला तिला कोणी बोलावलं नाही, ती लांबून नमस्कार करून आली. ब्युरोचं कमिशन पगारातून कापलं जातं ते वेगळंच. ९० किलोच्या आजोबांना एकटीने वळवून तिच्या मनगटाचं दुखणं कायमचं झालंय.

ज्या घरी तिला बरं वाटलं तिथे काय होतं ते सांगते. बसायला खुर्ची होती. दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा आणि त्या वेळात घरातलं कोणीतरी पेशंटपाशी. वळवताना दुसरा हात. डब्याशिवाय काही नको होतं, पण त्यांनी चहा सगळ्यांच्या कपातून दिला. ती त्या घरात तीन वर्षं टिकली. तुम्ही लोक विचारता बाई टिकत कशी नाही, म्हणून सांगितलं.

केशरकाडी

@अप्परची_पोर, तुझा प्रतिसाद रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. आमच्या मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्यायची असं ठरवलंय, आणि त्या दिवशी घर तो बघणार. त्यानेच आपणहून म्हटलं. आईला नमस्कार सांग.

सातासमुद्रापार

मी या धाग्यातल्या न्यू जर्सीच्या दिरासारखाच एक. आई आणि काका कोथरूडला, बघते वहिनी. मी पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, त्यावर आईचा चेहरा उतरलेला दिसला की 'डॉक्टरांना दाखवलं का', 'प्रोटीन पावडर देता का' असं विचारतो. वहिनी हल्ली तुटक उत्तर देते. पैशाखेरीज इथून माणूस खरंच काय करू शकतो? मनापासून विचारतोय.

केशरकाडी

मनापासून विचारलंत म्हणून सविस्तर उत्तर देते.

बसून करायची सगळी कामं तुमच्याकडे घ्या. औषधं महिन्याची संपायच्या आधी ऑनलाइन मागवणं, डायपरचा साठा, लाइटबिल, मेडिक्लेमचे कागद, ब्युरोशी फोन, बदली बाईची शोधाशोध. तुमच्याकडे दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते, हा फायदा आहे. मावशी आल्या नाहीत तर सकाळी सातला ब्युरोला फोन मी का लावायचा? न्यू जर्सीला तेव्हा रात्रीचे साडेआठ-साडेनऊ असतात, तुम्ही लावा.

नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला घ्या. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण या सरकारी सोयीतून निघतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. कोणीतरी इथे मोबाइल धरला पाहिजे हे खरं, पण लक्षात ठेवणं, आधार आणि पेन्शनचे नंबर तयार ठेवणं, मागे लागणं हे तिकडून होतं.

सल्ला द्यायचा असेल तर आधी विचारा, 'आज काय सुचवू का, की नुसतं ऐकू?' वहिनीचा तुटकपणा त्याने कमी होईल असं मला वाटतं. आणि वर्षातून एकदा याल तेव्हा लग्नं, खरेदी, महाबळेश्वर यात दिवस घालवू नका. पंधरा दिवस आईपाशी तुम्ही झोपा आणि वहिनीला घराबाहेर पाठवा. घरातच राहिली तर हाक तिलाच जाते.

पासबुक

बँकेतून निवृत्त. पैशाचं थोडं, कारण घरं तिथेच कोसळतात.

७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. कार्ड काढून ठेवा. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं आहे. घरी लावलेली बाई, डायपर, हवेची गादी यातलं काही त्यात बसत नाही, आणि डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, तर पैसा मुख्यतः घरीच जातो. चोवीस तासांची बाई ठेवलीत तर पंचवीस-तीस हजारांच्या खाली हल्ली क्वचितच मिळते, म्हणजे मध्यमवर्गीय पेन्शन तिथेच संपली.

जुन्या करपद्धतीत असाल तर पार्किन्सन्स, डिमेन्शिया अशा ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते, तज्ज्ञ डॉक्टरांची विहित चिठ्ठी लागते. चेकवर सही जमत नसेल तर बँक 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवू शकत नाही. अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचाही, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ७० च्या पुढच्यांना घरपोच सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिली आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. निदान झाल्या झाल्या, माणसाला कळतंय तोवर, खाती संयुक्त करा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र करा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते टिकत नाही, मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

पर्वतीपायथा

धागाकर्तीचा तिसरा प्रश्न मागेच राहिला. चार-आठ दिवस ठेवून घेण्याची सोय.

पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांपुरतं वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर आहे, १९९७ पासून, विनामूल्य. रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही राहता येतं आणि जखमेची पट्टी, नळीतून भरवणं, तोंडाची निगा हे सगळं हाताला धरून शिकवतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही तिथे होतो. मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, 'तुम्ही जेवलात का?'

डिमेन्शिया आणि पार्किन्सन्ससाठी मात्र अशी परवडणारी, सरकारी किंवा धर्मादाय, थोड्या दिवसांची सोय मला सापडली नाही. काही खाजगी केंद्रं महिन्याच्या बोलीवर घेतात, आठवड्यासाठी नाखूश असतात. जाऊन बघाल तेव्हा दुपारी न कळवता जा. पाठ बघू द्या म्हणा, कोणत्या रुग्णाला शय्याव्रण, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा, आहेत ते विचारा, रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी ते विचारा. दर दोन तासांनी कूस बदलतात का, हेही. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलत नाही असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. महापालिकेची विरंगुळा केंद्रं चांगली आहेत, पण ज्याला स्वतः चालत येता येतं त्याच्यासाठी.

६० वर्षांवरच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज लाँजिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडियाच्या पाहणीतून निघाला आहे. प्रत्येकामागे निदान एक रात्री जागणारा माणूस धरा. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, पंचायतीची नर्स घरी येते. पुण्यासारख्या शहरात प्रत्येक प्रभागात दहा खाटांचं एक घर, जिथे आजोबांना शनिवार-रविवार ठेवता येईल, एवढं मागायला आपण नगरसेवकाकडे का जात नाही? रस्ता, ड्रेनेज यासाठी जातोच ना.

पार्किन्सन्स मित्रमंडळात जाऊन बघा मात्र जरूर. पुण्यातलाच स्वमदत गट आहे, रुग्ण आणि शुभंकर (म्हणजे काळजी घेणारे) दोघेही येतात. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, माहितीसाठी उपयोगी.

केशरकाडी

सगळ्यांची आभारी आहे. इतक्या लोकांनी स्वतःच्या घरातलं लिहिलं, दोन रात्री हेच वाचतेय.

काल आमचा फोन झाला, तिन्ही भावंडं आणि मी. आधी दीर म्हणाले, 'वहिनी, बाई वाढवून घ्या, पैसे मी देतो.' मी म्हटलं पैसे लागतीलच, पण आधी वही काढा. मग एका आठवड्यात कोण किती वेळा उठलं, कोणी आंघोळ घातली, औषधं कोणी आणली, हे मी वाचून दाखवलं. कोणाला बोल लावला नाही, नुसतं वाचलं. नणंदबाई मधेच म्हणाल्या, 'पुरे, कळलं.'

ठरलं ते असं: आठवड्यातून दोन रात्री रात्रपाळीचे मामा, त्यांचे पैसे दीर देणार. ब्युरो आणि औषधं पूर्णपणे दिराकडे. महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार नणंदबाई येणार आणि मी माहेरी, साताऱ्याला. शनिवारची रात्र नवऱ्याची, पाळी कुठलीही असो. लघवीची तपासणी केली, संसर्ग निघाला, औषध सुरू आहे.

एक अडलंय. बाबांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायचं तर तीन मजले उतरवायचे कसे? दर वेळी शेजारची मुलं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलतात, मला धडकी भरते.

फॅमिलीडॉक्टर_बिबवेवाडी

प्लास्टिकची खुर्ची नको, पाय मोडतो. जिन्यावरून उतरवायची चाकांची घडीची स्टेअर-चेअर मिळते, पट्टे असलेली, दोन माणसांत उतरते. आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा, एक आड एक भेट व्हिडिओवर घेतात का.

सदाशिवकर

आमच्या सोसायटीने वर्गणीतून तशी खुर्ची घेतली आहे, आठवड्यातून फार तर एकदा लागते. तुम्हाला कधी न्यायची ते कळवा, पत्ता तुमच्या विपूत (विचारपुशीत) टाकलाय. पट्टे कसे लावायचे ते दाखवायला मी येईन, सकाळी दहानंतर, पत्नीची आंघोळ झाली की.